गुणावर पडलेली नावं

सावनेर मागे पडलं की रस्ता राज्य बदलतो. डोळ्यांना ते पाट्यांवरून कळतं. दुकानांवरची मराठी संपते आणि हिंदी सुरू होते. कानांना मात्र काहीच कळत नाही. माझ्या पुढच्या सीटवर दोन बायका बसल्या होत्या. "काऊन वं, तुह्या सुनेले बरं नाही म्हनत होते ना?" इथून निघालेली गोष्ट महाराष्ट्रात सुरू झाली आणि मध्य प्रदेशात, सौसरच्या स्टँडवर, सून बरी होऊन संपली. मध्ये सीमा कधी ओलांडली, याची दोघींनाही फिकीर नव्हती.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. त्या छिंदवाड्याच्या दक्षिण टोकाचे सौसर आणि पांढुर्णा हे दोन तालुके मराठी बोलतबोलत तिकडेच राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. छिंदवाडा हे नाव छिंदावरून पडलं असं सांगतात. छिंद म्हणजे आपली शिंदी, रानखजूर. एका झाडाच्या नावाच्या जिल्ह्यातून फुटून निघालेला हा नवा जिल्हा मी पहिल्यांदाच पाहत होतो, पण वाट जुनीच होती. लहानपणी आम्ही इकडे छोट्या गाडीने यायचो. नागपूर-छिंदवाडा ही अरुंद रुळांची गाडी २०१५ च्या अखेरीस बंद पडली, मग मोठी लाईन आली. सौसर, रामाकोना, भिमालगोंदी अशी स्टेशनं घेत छोटी गाडी इतक्या सावकाश जायची की खिडकीतून हात काढून टणटणीची फुलं तोडता येत. ती फुलं आमची, असं तेव्हा ठाम वाटायचं.

या खेपेला मी आलो होतो तो एका यादीच्या नादाने. गेल्या पावसाळ्यात सेंट हेलेना या बेटावरच्या वनस्पतींबद्दल वाचत होतो. नेपोलियनला १८१५ मध्ये जिथे नेऊन ठेवलं आणि १८२१ मध्ये तो जिथे मेला, ते हे दक्षिण अटलांटिकमधलं बेट. जवळात जवळचा आफ्रिकेचा किनाराही तिथून सुमारे १९०० किलोमीटर. अशा बेटांच्या वनस्पतींच्या याद्या करताना प्रत्येक झाडापुढे एक खूण करतात. झाड मूळचं, की माणसाने आणलेलं, की आणल्यावर आपल्या आपण रुळलेलं. मला वाटलं, आपल्या ओळखीच्या एखाद्या जागेची अशी यादी करून पाहावी. एका दिवसात पायी फिरून होईल एवढी लहान जागा हवी. याच मुलखातली, मारुतीच्या देवळाची जामसांवली आठवली. आजीचा नवस फेडायला तिथे नेलं होतं मला. वहीत तीन रकाने आखले आणि फेब्रुवारीतल्या एका शनिवारी निघालो.

तिन्ही रकाने देवळाच्या दारातच भरले. मारुतीचा वार असल्याने हारांची दुकानं लागलेली होती. एका मावशींकडून मी माळ घेतली. रुईची पानं देठाला देठ बांधून ओवलेली, मध्येमध्ये झेंडू, सोबत नारळ. रुई इथलीच, कुणी न लावता पडीक जागेत आणि बांधावर उगवणारी. नारळ किनाऱ्यावरून गाडीने आलेला, या काळ्या मातीत तो कुणी फारसा लावत नाही. राहिला झेंडू.

"मावशी, हा झेंडू कुठचा?"

"आमच्याच वावरातला."

"मूळचा कुठला पण?"

त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "अजी, बीज सौसरच्या दुकानातलं आहे. चांगलं असते."

झेंडू मेक्सिकोचा, हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. दसऱ्याला दाराचं तोरण ज्याचं होतं त्याला परकं कोण म्हणणार? 'रुळलेला' असं लिहून मोकळा झालो. लिहिताना माळेतलं एक पान हललं. उलटून पाहिलं, तर काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक अळी पानाची कड कुरतडत होती. बिबळ्या कडवा नावाचं फुलपाखरू रुईवर अंडी घालतं, त्याची ही अळी. रुईचा चीक विषारी असतो, म्हणून गाय-बकरी तिला तोंड लावत नाहीत. ही अळी तेच विष पोटात साठवते आणि स्वतः कडू होते, मग तिला पाखरं खात नाहीत. पुढे फुलपाखरू झालं तरी कडूच राहतं, 'कडवा' हे नाव त्यावरून. मावशींनी ते पान खुडून बाजूला ठेवलं, अळीसकट. "मारू नोका. मारुतीच्या पानावरची आहे." एका झाडाशी एका किड्याचं इतकं पक्कं नातं जुळायला हजारो वर्षं लागतात. शेजारच्या झेंडूला असा घरचा पाहुणा अजून मिळालेला नाही. मूळचं आणि रुळलेलं यांतला फरक पुस्तकाने मला जेवढा सांगितला नव्हता तेवढा त्या कुरतडलेल्या पानाने दाखवला.

जामसांवलीचा मारुती उभा नाही, झोपलेला आहे. शेंदराने माखलेली मोठी मूर्ती पिंपळाच्या सावलीत आडवी पहुडलेली. ती आधी उभी होती, खालचं धन काढायला चोर आले तेव्हा देव आडवा झाला, आणि मग बैल जुंपूनही हलला नाही, असं लोक सांगतात. मूर्तीच्या नाभीतून झिरपणारं पाणी तीर्थ म्हणून देतात. त्या पाण्यासाठी दुरून माणसं येतात, दुखणाईत माणसाला घेऊन दिवसचे दिवस इथे मुक्काम करतात. आजी मला घेऊन आली तीही त्याचसाठी. ऑगस्ट २०२३ मध्ये इथे 'हनुमान लोक' या नव्या देवस्थान-परिसराचं भूमिपूजन झालं. पण मी लहानपणी पाहिलेली खूण तीच होती, मूर्तीवरचा पिंपळ.

पिंपळापुढे 'मूळचा' लिहिताना पेन अडखळलं नाही. त्याचं फळ म्हणजे उंबरासारखीच आतल्या आत फुललेली फुलं. त्यांचं परागण करणारी इवलीशी गांधीलमाशी ठरलेली असते, वडाची वेगळी, उंबराची वेगळी, पिंपळाची वेगळी. ज्या परदेशी शहरात पिंपळ नेऊन लावला पण त्याची माशी पोचली नाही, तिथे तो वाढतो, सावली देतो, आणि वांझ राहतो. इथे त्याची फळं पाखरं खातात आणि बी भिंतीच्या फटीत, विहिरीच्या कठड्यात, दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात नेऊन टाकतात. देवळाला तडा गेला तरी पिंपळ उपटायला आपला हात धजत नाही. त्यावर मुंजा राहतो ना! त्याच न्यायाने चिंचेवर हडळ राहते. आणि ही चिंच, जिच्यावर आपण आपली भुतंसुद्धा बसवली, ती आफ्रिकेची आहे. केव्हा आली ते कुणाला आठवू नये इतकी जुनी. अरबांनी तिला हिंदचा खजूर म्हटलं, 'तमर-ए-हिंदी'. त्यावरून तिचं इंग्रजी नाव पडलं आणि जगाने तिला भारतीयच मानलं. वहीत चिंच आधी पहिल्या रकान्यात लिहिली, मग खोडून तिसऱ्यात टाकली. खोडताना उगाच चोरट्यासारखं वाटलं.

देवळामागून जाम नदीकडे उतरलो. जाम पांढुर्ण्याकडून वाहत येते आणि पुढे कन्हानला मिळते. फेब्रुवारीत तिची धार बारीक झालेली असते, गोट्यांमधून वाट काढत जाणारी. काठाला अर्जुन, करंज, जांभूळ, उंबर. ओढ्या-नद्यांची ही आपली जुनी मंडळी, त्यांची नावं मी पटापट पहिल्या रकान्यात उतरवली. पण त्यांच्या पायाशी जी गर्दी होती तिने माझा पहिला रकाना तिथेच थांबवला.

पाण्याच्या कडेला बेशरम. फिकट जांभळ्या भोंग्यांची फुलं, पोकळ दांडे. हे दक्षिण अमेरिकेचं झुडूप कुंपणाला म्हणून लोकांनीच लावलं, कारण ढोरं त्याला खात नाहीत. मग कळलं, की तोडून फेकलेला दांडा जिथे पडेल तिथे मुळं धरतो. तोडा, वाळवा, चिखलात तुडवा, पुन्हा हसत उभं. दुसरं नाव शोभलंच नसतं. त्याच्या वर, गाड्या उभ्या राहतात त्या मोकळ्या जागेत, गाजर गवत. पानं गाजरासारखी, वर पांढऱ्या फुलांचा चुरा. भारतात त्याची पहिली नोंद पुण्याची, १९५० च्या दशकातली. अमेरिकेच्या मदतीच्या गव्हातून ते आलं असं तेव्हापासून बोललं जातं, म्हणून दुसरं नाव काँग्रेस गवत. एकेक झाड हजारो बिया टाकतं, रेल्वेच्या भरावावरून, ट्रकच्या चाकावरून, नव्या रस्त्याच्या मुरुमातून पसरतं. अंगाला लागलं तर खाज, पुरळ, काहींना दमा. आणि त्यापलीकडे, चढावर, माझ्या लहानपणची टणटणी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या बागेत शोभेचं झुडूप म्हणून आलेली ही अमेरिकन पाहुणी आता देशातल्या वाघांच्या अधिवासाचा सुमारे ४० टक्के भाग व्यापून बसली आहे, असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा हिशेब आहे. तिच्या जाळीखाली गवत उगवत नाही. गवत नाही म्हणजे चितळ नाही. पुढचं कुणीही सांगेल.

काठावर बसून तिसऱ्या रकान्यातली नावं मी पुन्हा वाचली आणि एक गोष्ट ध्यानात आली. बेशरम. काँग्रेस गवत. टणटणीचं दुसरं नाव घाणेरी. आणि १८७७ च्या सुमारास देशात आणलेली विलायती बाभूळ, तिला आपण वेडी बाभूळ म्हणतो. या नुसत्या शिव्या आहेत! आणि त्याच रकान्यात, त्याच अमेरिकेतून आलेलं, खडकाळ माळावर कुणी न लावता उगवणारं एक झाड आहे, त्याचं नाव सीताफळ. एकाला शिवी, दुसऱ्याला थेट सीतामाई. वनस्पतिशास्त्रज्ञांच्या आधी भाषेनेच पंचनामा करून ठेवला होता. परक्यांतले भले कोण, बुरे कोण, हे नावातच लिहिलेलं होतं.

हा शोध कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. देवळाच्या नळावर एक वयस्क गृहस्थ पाय धूत होते. धोतर, डोक्याला गमछा, पिशवीत चार संत्री. बोलता बोलता कळलं, त्यांची जवळच्याच गावात बाग आहे. मी वही दाखवून माझा सिद्धांत मांडला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतला.

"मंग खाजकुयलीचं काय म्हनता?"

"काय म्हणजे?"

"ते तर आपलंच वेल आहे जी, जंगलातलं. कुठून आलं नाही. मंग त्याले कायले तसं नाव देल्लं?"

मी गप्प. काकाजींनी पाय पुसले. "नाव जातीवर नाही पडत. गुणावर पडते. अंगाले लागलं की खाजवते, म्हून खाजकुयली. तोडलं तरी येते, म्हून बेशरम. कुठून आलं, ते कोन पाहाले गेलं होतं?" मग पिशवी उचलली. "बागेत चला. तिथंच सांगतो."

वाटेत रायमुनियाच्या जाळ्या लागल्या. तीच टणटणी, इकडचं हे तिसरं नाव. इतकं लडिवाळ नाव तिला कसं मिळालं, म्हणून मी काकाजींना चिमटा काढला. "फूल साजरं आहे ना," ते म्हणाले, "फुलालेच भुलले लोक. झाड मंग पाह्यलं." सिद्धांतातलं एवढं भोकसुद्धा त्यांनी बुजवून टाकलं.

बांधावर पळस फुलला होता. पान एक नाही, नुसता केशरी जाळ. काकाजींनी पांढुर्ण्याच्या गोटमारीचा विषय काढला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे याच जामच्या पात्रात मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्ण्याचे, दुसऱ्यावर सावरगावचे. झेंडा कोण नेतो यासाठी दिवसभर दगडांचा मारा चालतो. पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावची मुलगी पळवली आणि दोघं नदीत दगडांनी मारली गेली, त्याची ही आठवण असं सांगतात. दर वर्षी शेकडो डोकी फुटतात, जीवही गेले आहेत. "झाड मात्र पळसाचंच पाह्यजे," काकाजी म्हणाले. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पोळ्याला दारात पळसाची फांदी लावणाऱ्या, पत्रावळ पळसाची आणि होळीचा रंग पळसाचा असणाऱ्या मुलखात नदीच्या मधोमध उभं करायला दुसरं कोणतं झाड येणार?

बागेत शिरलो तेव्हा वास आधी आला. एका तुकड्यात आंबिया बहाराची फुलं नुकती उमलत होती, दुसऱ्यात मृगाची फळं तोडणीला आली होती. संत्र्याचं झाड मोकळं सोडलं तर वर्षातून कधीही फुलेल, थोडं थोडं. तसं परवडत नाही. म्हणून त्याला ताण देतात. हिवाळ्यात पाणी तोडायचं, झाडाने पानं मलूल करून मान टाकेपर्यंत. मग ताण तोडायचा, म्हणजे पाणी द्यायचं. झाड एकदम फुलतं, तो आंबिया. उन्हाळ्याचा ताण निसर्ग देतो आणि जूनचा पाऊस तो तोडतो, तो मृग. "झाडाले थोडं मराची भीती दाखवा लागते," काकाजी म्हणाले, "माणसावानीच."

मग ते एका जुन्या झाडाखाली उकिडवे बसले आणि बुंध्याची माती हाताने सारली. जमिनीपासून वीतभर वर बुंध्याला एक वळ होता. खालची साल खरबरीत आणि गडद, वरची जरा गुळगुळीत. "खालचा खुंट जंबेरीचा. वरती संत्रा." जंबेरी म्हणजे लिंबाचा रानदांडगा भाऊ, काटेरी, आंबट, पण मुळाने चिवट. तिचं रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की सालीला टीच्या आकाराची चीर देतात, आत संत्र्याचा एक डोळा सरकवतात आणि पट्टीने घट्ट बांधतात. डोळा फुटला की जंबेरीचा शेंडा छाटायचा. काकाजींच्या वडिलांनी ही कलमं सीमेपलीकडून, वरुड तालुक्यातल्या शेंदूरजना घाटहून आणली होती. तिथल्या रोपवाटिकांची कलमं आजही दोन्ही राज्यांत जातात.

बुंध्यातून, वळाच्या खालून, एक हिरवी फूट निघाली होती. लांब काट्यांची. काकाजींनी ती अंगठ्याने मोडली. "हे राहू देलं तर तीन सालात संत्रा मरते आन् जंबेरी राहते. मंग लोक म्हनतात, संत्र्यानं धोका देल्ला. धोका नाही जी. खुंटाची फूट काढली नाही, एवढंच."

नागपूरला संत्रा आणला रघुजीराजे भोसल्यांनी, औरंगाबादेहून, असं सांगतात. म्हणजे तो इथला नाही. त्याच्या कुळाचं मूळ तर पार ईशान्य भारत आणि चीनकडे. खालची जंबेरीही पूर्वेकडचीच. दोन परके एकमेकांना बांधून इथल्या काळ्या मातीत रोवले, आणि २०१४ मध्ये त्या फळाला 'नागपूर संत्रा' म्हणून भौगोलिक ओळखीची सरकारी मोहोर मिळाली. भोसल्यांच्या बागेतला पाहुणा नागपूरचं आडनाव लावून बसला. सहा बाय सहा मीटरवर लावला तर हेक्टरी २७७ झाडं बसतात. मधल्या जागेत पहिली काही वर्षं कापूस, तूर, हरभरा घेता येतो. हे तो करू देतो, हे महत्त्वाचं. टणटणीखाली कुणी हरभरा काढून दाखवावा!

निघताना काकाजींनी हातात दोन संत्री दिली, आणि बांधावरच्या एका झाडावरून तोडून एक पेरू. "घ्या, जाम घ्या."

मी थबकलो. इकडे पेरूला जाम म्हणतात, हे मी विसरून गेलो होतो. कुणी जांब म्हणतं. म्हणजे जांभळाचंच नाव. पोर्तुगीजांच्या काळात अमेरिकेतून आलेल्या फळाला इथल्या माणसाने नवीन नाव शोधण्याची तसदी घेतली नाही. घरच्या जांभळाचं नाव उचलून त्याला दिलं. परक्या मुलाला आजोबांचं नाव ठेवावं तसं. त्या दिवशी मी जाम नदीच्या काठी, जामसांवलीजवळ, अमेरिकेचा जाम खाल्ला. गावाच्या नावातला जाम नदीचा की झाडाचा, हा वाद मी वहीत घेतला नाही. पेरू गोड होता.

परतीच्या बसमध्ये सेंट हेलेनाचा विचार डोक्यातून जाईना. त्या बेटावरची झाडं लाखो वर्षं अशा जागी वाढली जिथे चरणारं जनावरच नव्हतं. त्यामुळे त्यांना काटे फुटले नाहीत, पानं कडू झाली नाहीत. १५०२ मध्ये पोर्तुगीज पोचले, त्यांनी १५१३ मध्ये शेळ्या सोडल्या. पुढच्या दोन-तीन शतकांत बेटाचं जंगल संपत गेलं. तिथलं आबनूस संपलं असंच सगळे धरून चालले होते. १९८० मध्ये एका उभ्या कड्यावर, शेळी पोचणार नाही अशा जागी, त्याची दोन झुडपं सापडली आणि त्यांच्या कलमांवरून पुन्हा रोपं झाली. तिथल्या ऑलिव्हला तेवढं नशीब लाभलं नाही. त्याचं शेवटचं झाड २००३ मध्ये मेलं. दोरखंडासाठी न्यूझीलंडहून आणलेल्या एका घायपातासारख्या झाडाची लागवड तिथे डोंगरभर झाली. त्याची सुतळी वापरणाऱ्या इंग्लंडच्या टपाल खात्याने १९६६ मध्ये ती बदलली, धंदा बुडाला. झाड राहिलं आणि रानभर माजलं.

सातपुड्याची झाडं अशी भाबडी नाहीत. इथे गायी-म्हशी, नीलगायी, हरणं, बकऱ्या सगळ्यांना तोंड देऊन बाभूळ काटेरी झाली, रुई कडू झाली, बोरीने नखं वाढवली. म्हणूनच आपली झाडं बाहेर गेली की तिकडे तीच गुंड ठरतात. ज्या जांभळाखाली आपण पोरवयात जिभा रंगवल्या, ते हवाई बेटांवर रान बळकावणारं तण आहे. मेंढ्यांना सावली आणि शेंगा मिळाव्यात म्हणून ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडला आपली बाभूळ नेली, आता तिथे तिच्यामागे यंत्रं आणि औषधं घेऊन लागतात. तिकडच्या भाषेत आपल्या बाभळीला काय शिवी पडली असेल कोण जाणे. काकाजी म्हणाले ते त्यांनाही लागू आहे. जात तीच, माती तीच नाही, गुण बदलला.

घरी येऊन वहीतले तीन रकाने मी तसेच ठेवले. पुस्तकाला ते लागतातच, कारण झाड कुठून आलं हे माहीत असलं तरच त्याचा शत्रूही तिथून शोधता येतो. गाजर गवत खाणारा मेक्सिकन भुंगा असाच आणून १९८४ मध्ये भारतात सोडला गेला, आणि जबलपूरचं तण संशोधन संचालनालय आजही त्याचा प्रसार करतं. पण मी चौथा रकाना जोडला आहे. त्यात गावाने ठेवलेलं नाव लिहायचं, आणि नावापुढे कारण.

तुम्ही हे जामसांवलीलाच जाऊन करा असं नाही. तुमच्या सोसायटीच्या कुंपणाशी, शाळेच्या मैदानात, नाल्याच्या काठी उभं राहून करता येईल. तीर्थक्षेत्राच्या नव्या बागेत काय लावायचं हे ज्यांच्या हातात आहे त्यांनीही एकदा करावं. पळस, जांभूळ, अर्जुन, करंज यांना एकदा रुजल्यावर फारसं पाणी घालायला लागत नाही, आणि त्यांच्या खाली दुसरं काही उगवू शकतं. शिवी पडलेलं झाड दिसलं तर फुलं येण्याआधी, ओल्या मातीतून, मुळासकट उपटा. गाजर गवत असेल तर हातमोजे घाला.